निमुळत्या पाइप-आट्यांचा टॅप संच: टॅप उत्तम, पण एक ड्रिल चुकीचे

एनपीटी प्रकारचे, म्हणजे अमेरिकी मानकाचे निमुळते पाइप-आटे पाडण्यासाठी पाच टॅप आणि त्यांच्या जोडीची पाच ड्रिल असा एक संच मी काही महिने नियमित वापरला आहे. एक सुतीपासून (१/८ इंच) पाऊण इंचापर्यंतची मापे त्यात आहेत. टॅपबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ते हायस्पीड स्टीलचे आहेत, त्यांची धार टिकते आणि बीड, पितळ, ॲल्युमिनियम या तिन्ही धातूंत त्यांनी स्वच्छ आटे पाडले. मात्र संच घेण्यामागचे माझे खरे कारण ड्रिल हे होते, कारण निमुळत्या आट्यांसाठी भोक नेमके किती मिमीचे पाडायचे हे ठरवण्यात भल्याभल्यांची चूक होते.

मुळात मापाचे नावच फसवे आहे. पाव इंची म्हणवल्या जाणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे १३.७ मिमी असतो आणि त्याच्या टॅपसाठी ड्रिल लागते ११.१ मिमीचे, म्हणजे ७/१६ इंचाचे. यांपैकी पाव इंच कुठेच नाही. त्यात हे आटे १६ मिमी खोलीला व्यासात १ मिमी या प्रमाणात निमुळते होत जातात. सरळ आट्यांचा टॅप पुढच्या काही दात्यांनी कापतो आणि मागचे दाते नुसते मार्गावर चालतात; निमुळता टॅप मात्र आत शिरलेल्या सगळ्या लांबीने कापत राहतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यागणिक जोर वाढत जातो. भोक लहान पडले तर टॅप अडकतो, प्रसंगी मोडतो, आणि मोठे पडले तर आट्यांचे माथे भरत नाहीत व हवा किंवा तेल त्या पोकळीतून आट्यांच्या वळणावळणाने बाहेर वाट काढते.

याशिवाय काम करण्याच्या दोन रीती आहेत. काही जण ड्रिलनंतर निमुळता रीमर, म्हणजे भोक तासून निमुळते करणारे हत्यार, फिरवून मग टॅप घालतात. अशा वेळी पाव इंचासाठी १०.७ मिमीचे भोक योग्य ठरते. रीमर न वापरता थेट टॅप घालायचा असेल तर ११.१ मिमी. ड्रिल यांपैकी कोणत्या रीतीसाठी आहे हे जो तक्ता सांगत नाही, तो अर्धाच तक्ता आहे, आणि या संचासोबतचे छापील कार्ड नेमके त्याच जातीचे आहे.

संचातली ड्रिल मी वर्नियरने मोजली. एक सुतीसाठी ८.४, तीन सुतीसाठी १४.५, अर्ध्या इंचासाठी १८ आणि पाऊण इंचासाठी २३ मिमी, ही चारही मापे रीमरशिवाय काम करणाऱ्याला योग्यच आहेत. पाव इंचाच्या खोबणीत मात्र ११.८ मिमीचे ड्रिल निघाले. हे माप जी १/४ या पाव इंची सरळ पाइप-आट्यांचे आहे, निमुळत्यांचे नव्हे.

हे माझ्या लक्षात आले ते एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात दाबमापक बसवताना. टॅप लोण्यातून फिरावा तसा फिरला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उजेडात धरून पाहिले तर आट्यांचे माथे टोकदार नसून चपटे, कापून टाकल्यासारखे दिसत होते. टेफ्लॉन टेप गुंडाळून मापक घट्ट केला, हवेचा दाब दिला आणि जोडावर साबणाचे पाणी सोडले, तर कडेला एकाच जागी बारीक बुडबुडे एकामागून एक येत राहिले. आणखी आवळून उपयोग झाला नाही. त्याच ठोकळ्यात शेजारी ११.१ मिमीचे भोक पाडून तोच टॅप घातला, तेव्हा हाताला चांगला जोर लागला, मधून मधून उलट फिरवून कीस मोडावा लागला, पण मापक हाताने चारेक फेरे आणि पान्ह्याने पुढे दोन फेरे जाऊन बसला आणि साबणाचे पाणी शांत राहिले.

कंपनीला कळवले, त्यावर ‘एवढा फरक चालतो’ असे उत्तर आले. सरळ आट्यांच्या बोल्टला कदाचित चालेलही. जिथे आट्यांनाच गळती रोखायची आहे तिथे ०.७ मिमी हा फार मोठा फरक आहे, आणि ज्या कंपनीचे टॅप इतके चांगले आहेत तिने असे उत्तर द्यावे याचे मला मनापासून वाईट वाटले.

बीएसपीटीची, म्हणजे ब्रिटिश मानकाच्या निमुळत्या पाइप-आट्यांची फिटिंग वापरणाऱ्यांनी हा संच घेऊ नये. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्ही प्रकारांत इंचाला १४ आटे असल्याने फिटिंग सुरुवातीला बिनबोभाट शिरते, परंतु एनपीटीच्या आट्यांचा कोन ६० अंश आणि बीएसपीटीचा ५५ अंश, त्यामुळे जोड गळतो.

टॅपसाठी हा संच घेण्यास माझी हरकत नाही, फक्त ११.१ मिमीचे एक ड्रिल वेगळे घ्यावे. मी ते पाव इंचाच्या खोबणीत ठेवले आहे आणि ११.८ चे ड्रिल सरळ आट्यांच्या टॅपांसोबत वेगळ्या डबीत टाकले आहे.