कॉर्डलेस व्हॅक्यूम: सक्शन झकास, पण ब्रशने रडवलं

दोन वर्षं वापरून लिहितेय, त्यामुळे बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यांपेक्षा जरा वेगळं वाटेल. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, हे दुखणं फिरत्या ब्रशच्या बऱ्याच मशीनना कमीजास्त असतंच.

चांगलं आधी सांगते. सक्शन मस्त, नॉर्मल मोडवर आमचा टू-बीएचके होऊन बॅटरी उरते, डबा एका झटक्यात रिकामा होतो. बास. बाकी सगळं पुराण ब्रशचं.

घरात मी, सासूबाई आणि लेक, तिघींचे केस लांब, त्यात सासूबाईंचा गजरा. फुलं सुकून गळतात पण दोरा राहतो, आणि तो एकदा रोलरने, म्हणजे त्या फिरत्या ब्रशने, ओढला की संपलं. वर्षभर मी काय करायचे तर हेड, म्हणजे ब्रश बसवलेला पुढचा भाग, उलटं करून वरवरचे केस कात्रीने कापायचे आणि झाला बाई स्वच्छ म्हणून ठेवून द्यायचे. पण केस मधे थोडेच राहतात, फिरता फिरता ते दोन्ही टोकांना सरकतात आणि टोपणाच्या आत दांडीला वेटोळे घालून बसतात, आणि दांडी ज्यात फिरते ते बेअरिंग नेमकं तिथेच असतं.

मग आधी बारीक किर्रर्र, नंतर जळका वास, आणि शेवटी ब्रश बंद पण सक्शन चालू. मला वाटलं बॅटरी उतरली, मी आपली दोन दिवस चार्जिंगला लावतेय. खरं म्हणजे रोलर जाम झाला की मोटर जळू नये म्हणून मशीन आपणहून ब्रश थांबवतं.

सर्व्हिस सेंटरला नेलं तर त्या मुलाने उघडूनही बघितलं नाही, "मॅडम, पूर्ण हेड बदलायला लागेल, ३,४०० रुपये, वॉरंटीत केस अडकलेलं येत नाही." तसंच उचलून घरी आणलं.

रविवारी बसले खोलून. एका बाजूचं टोपण नाण्याने फिरवलं की निघतं, कोणालाही जमेल. दुसऱ्या बाजूचं मात्र दाबून बसवलेलं, मॅन्युअलमधे त्याचा उल्लेखसुद्धा नाही, पातळ स्क्रूड्रायव्हरने हळूहळू उचकटलं तेव्हा कुठे सुटलं. आत केस, गजऱ्याचा दोरा, पायपुसण्याचे धागे, सगळं दाबून दाबून अगदी नमद्यासारखी चकती झालेली, आणि तिच्यात चक्क रांगोळी! दिवाळीनंतर दारातली रांगोळी मीच व्हॅक्यूमने ओढली होती, माझाच मूर्खपणा, रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती बेअरिंगमधे गेली की पॉलिश पेपरचं काम करते आणि फिल्टर चोंदतो तो वेगळाच.

केस काढायला कात्रीपेक्षा शिवण उसवायचं सीम रिपर दहापट भारी. रोलरच्या लांबीने सरळ चीर द्यायची, केसांची सालच्या साल निघते, फक्त ब्रशचे दात जपायचे.

तेलाचं प्रकरण मात्र मी आधीच बिघडवून ठेवलं होतं. किर्रर्र सुरू झालं तेव्हा नवऱ्याचा गंज सोडवायचा स्प्रे टोपणाच्या फटीतून मारला होता, आठ दिवस गप्प आणि मग आधीपेक्षा जास्त आवाज, कारण तो पातळ स्प्रे आतलं होतं नव्हतं ते ग्रीसच धुऊन काढतो. सासूबाई म्हणाल्या खोबरेल घाल. अहो आई, ते थंडीत बाटलीतच गोठतं, बेअरिंगमधे काय करणार! शेवटी त्यांच्याच शिलाई मशीनचं तेल कामी आलं. ज्या टोकाला बेअरिंगऐवजी साधं बुश, म्हणजे दांडी फिरायची नुसती नळी आहे, तिथे एकच थेंब, जास्तीचं पुसून टाकलं, कारण तेल सांडलं की त्यावर धूळ बसून काळं किटण होतं. रोलर फिरवणाऱ्या बेल्टला तर तेलाचा हातसुद्धा लावू नका, घसरायला लागतो.

दुसऱ्या टोकाचं बेअरिंग बंद प्रकारचं, त्यात बाहेरून तेल जातच नाही म्हटलं तरी चालेल. बोटाने फिरवलं तर खरखर लागत होतं, म्हणजे गेलंच. त्यावर ६२५ झेडझेड लिहिलेलं, म्हणजे ५ मिमीचं भोक, बाहेरून १६ मिमी आणि दोन्हीकडून पत्र्याची झाकणं. बेअरिंगच्या दुकानात तोच नंबर पण रबर सीलचं मागितलं, धूळ कमी जाते, ६० रुपये. कुठे ३,४०० आणि कुठे ६०! तुमच्या मशीनमधे नंबर दुसरा असू शकतो, जुनं बेअरिंग सोबत न्या. बेअरिंग काढून रोलर धुतला आणि एक दिवस सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवला.

आता महिन्यातून एकदा नाण्याचं टोपण उघडते, दहा मिनिटं लागतात. पाच महिने झाले, आवाज नाही, वास नाही.

नवीन घेणार असाल तर डेमोवाला फरशीवर साबुदाणे टाकून ओढून दाखवतो ना, ते राहू दे म्हणा, रोलर दोन्ही टोकांनी सोडवून दाखव आणि सुटा रोलर वेगळा मिळतो का ते सांग. सक्शनला पाचपैकी साडेचार, ब्रशला दोन, सर्व्हिसला एक, तोही तिथे पाणी विचारलं म्हणून.