अडलेला फेरफार: माहिती अधिकार की सेवा हक्क?

बाप गेला, वारसनोंदीचा फेरफार अडला आणि मृग तोंडावर. सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय बँक पीककर्जासाठी दारात उभं करत नाही, हे यवतमाळ-वाशिमकडच्या कास्तकाराला सांगायला नको. पटवारी म्हणतो, ‘फाईल सायबांकडे आहे.’

माहिती अधिकार, 2005: दहा रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. फाईल कोणाच्या टेबलावर, कधीपासून, हे कागदावर येतं. काम होईलच असं नाही.

लोकसेवा हक्क, 2015: इथे थेट काम मागता येतं. सेवा अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेली असेल तर मुदत ठरलेली; ती हुकली की दोन अपिलं खात्यातच, तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला दंड 500 ते 5,000 रुपये. हा फारच थोडा आहे. माहिती अधिकारात तो 25,000 पर्यंत जातो. शिवाय सेवा हक्कात पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. इंग्रजांनी घालून दिलेली ही उतरंड आता तरी मोडायला हवी.

तरी कार्यालयाच्या फलकावर सेवा असेल, तर आधी सेवा हक्कच वापरा. अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्याच. तिच्याशिवाय मुदत मोजणार कुठून? फाईलच ‘सापडत नाही’ म्हणाले, तर माहिती अधिकार.