वेबसाईट झकास, मजकूर मात्र वाचवेना (३/५)

आमच्या पैठणच्या साडी दुकानाची वेबसाईट संभाजीनगरच्या एका एजन्सीकडून करून घेतली, नाव नाही घेत. डिझाईन भारी, मोबाईलवर पटकन उघडते, फोन केला की पोरं उचलतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मजकूर! पहिल्याच परिच्छेदात "सर्वोत्तम पैठणी साडी पैठण, स्वस्त पैठणी साडी, पैठणी साडी खरेदी" असं दळण लावलेलं. आई म्हणली, हे माणसानं लिहिलंय का रे. एजन्सीवाले म्हणे एसईओसाठी, म्हणजे गुगलवर वर दिसायला, लागतं. अहो, कीवर्ड (लोक शोधताना टाकतात ते शब्द) असे कोंबणं गुगलच्या धोरणात स्पॅमच धरलं जातं, आन कीवर्डच्या मेटा टॅगचे (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) वेगळे पैसे लावले ते वेगळंच, तो टॅग रँकिंगला धरत नाही हे गुगलनं २००९ लाच सांगून टाकलंय.

लय भांडल्यावर त्यांच्याकडची एक लिहिणारी पोरगी दुकानात येऊन बसली, गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकलं. सगळ्यात जास्त विचारणा एकच, हातमागाची कशी ओळखायची? तिनं त्याचंच पान केलं, पदर उलटा करून बघा, खऱ्या हातमागाच्या पैठणीत मागूनही नक्षी पुढच्यासारखीच दिसते, मशीनच्या साडीत मागं धागे लोंबतात, सोबत मोराच्या पदराचे दोन्हीकडून फोटो. पैठणी शब्द त्यात आपसूकच आला, कोंबावा नाही लागला. आता सर्च कन्सोलमध्ये (गुगल शोधातून किती क्लिक आले ते दाखवणारं गुगलचं साधन) त्याच पानावर क्लिक दिसतात अन् लोक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून भाव विचारतात.

त्या पोरीकडून लिहून घेणार असाल तर जा बिनधास्त. मेटा टॅगचे पैसे अजून परत आले नाहीत.