कर्जाचं खातं एकीकडे, घरखर्चाचं दुसरीकडे: विदर्भातल्या कास्तकाराने बँक कशी निवडावी

मे महिना लागला की गावात विचारणा सुरू होते: यंदा कर्ज सोसायटीतून उचलायचं की तालुक्याच्या बँकेतून? आता त्याला आणखी प्रश्न जोडले गेले आहेत. पीएम किसानचा हप्ता कोणत्या खात्यात घ्यायचा, बायकोचे लाडकी बहीणचे पैसे कुठे येतात, म्हाताऱ्या आईला निराधारच्या पैशासाठी दर महिन्याला तालुक्याला न्यायचं का. या सगळ्याला एक बँक पुरे, असं बहुतेक घरांत धरून चालतात. माझं मत वेगळं आहे. कोरडवाहू शेती असलेल्या घरात कर्जाचं खातं आणि हाताशी लागणाऱ्या पैशाचं खातं दोन वेगळ्या संस्थांत असावं. ही निवड नीट करायची तर कोणती संस्था कोणत्या कामाला चांगली आहे, हे आधी माहीत हवं.

पीककर्ज: सोसायटी की तालुक्याची बँक

व्याजात आता फारसा फरक राहिलेला नाही. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा सवलतीचा दर ७ टक्के आहे. वेळेत फेडलं तर केंद्राकडून ३ टक्के सूट मिळते, आणि उरलेला भार राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलतं. म्हणजे खरिपाचं कर्ज ३१ मार्चच्या आत भरणाऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं, मग ते सोसायटीमागच्या जिल्हा सहकारी बँकेचं असो, ग्रामीण बँकेचं असो की राष्ट्रीयीकृत बँकेचं. काही शाखा व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागाहून जमा करतात. तसं असेल तर ती खरंच जमा झाली का, हे पासबुकात पाहत राहा.

फरक पडतो तो कागद, वेळ आणि रक्कम यांत. सोसायटीचा गटसचिव गावातलाच किंवा शेजारच्या गावचा असतो. कुणाचं किती रान, त्यात कपाशी किती आणि तूर किती, हे त्याला ठाऊक असतं. सातबारा आणि आठ-अ दिला की नाव कर्जाच्या यादीत चढतं, यादी जिल्हा बँकेकडे जाते आणि मंजुरी आली की रक्कम खात्यावर पडते. तुम्ही सोसायटीचे सभासद असता, निवडणुकीत तुमचं मत असतं, अडलं तर अध्यक्षाच्या अंगणात जाऊन विचारता येतं. कर्जातून भागभांडवल कापून घेतलं जातं, ते तुमच्याच नावावर राहतं. दोन-चार एकरवाल्याला इतक्या कमी खेट्यांत दुसरीकडे कर्ज मिळत नाही.

पण सोसायटी तेवढीच मजबूत, जेवढी तिच्यामागची जिल्हा बँक. विदर्भाने याची किंमत मोजली आहे. नागपूर जिल्हा बँकेचा सरकारी रोख्यांचा घोटाळा २००२ मध्ये उघड झाला आणि न्यायालयाचा निकाल यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका रिझर्व्ह बँकेच्या परवान्याविना राहिल्या. २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवनाची योजना आणली, त्यांत महाराष्ट्रातल्या या तीनच होत्या. मधल्या काळात इथल्या ठेवीदारांचे आणि कास्तकारांचे फार हाल झाले. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. तुमच्या जिल्हा बँकेने गेल्या दोन हंगामांत कर्जवाटप वेळेत केलं का, हे आपल्याच गटसचिवाला विचारा. दुसरी अडचण अशी की तुम्ही चोख असलात तरी सोसायटीत थकबाकी फार झाली की जिल्हा बँक नव्या वाटपाला हात आखडता घेते.

राष्ट्रीयीकृत बँकेत कागद जास्त. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे नो ड्यूज (थकबाकी नसल्याचे दाखले), कधी जमिनीच्या मालकीबद्दल वकिलाचा सर्च रिपोर्ट. व्यवस्थापक दोन-तीन वर्षांत बदलतो, आणि नवा माणूस परप्रांतातला असला तर सुरुवातीला बोलणंच जुळत नाही. अशा वेळी मराठीतला फॉर्म मागायला संकोच करू नका. खातेदाराला लागणारे छापील कागद हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत असावेत, असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे. १९८९ पासून गावं बँकांना वाटून दिलेली आहेत, म्हणून आपल्याकडे ‘आमचं गाव त्या बँकेला दत्तक आहे’ असं म्हणतात. आधी त्याच शाखेत जा. दुसऱ्या शाखेत गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो.

एवढा त्रास का घ्यावा? कारण या बँकेची दारं पीककर्जापाशी थांबत नाहीत. विहीर, ठिबक, ट्रॅक्टर, दुधाळ जनावरं, पोरीचं शिक्षण यांसाठी मुदतीचं कर्ज हवं असेल तर व्यवहाराचा इतिहास इथेच उपयोगी पडतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग उभी करणाऱ्याला पाच-सात वर्षांचा विचार करावा लागतो, त्याला सोसायटीचं वर्षाचं कर्ज पुरत नाही. आणि हे लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण मागायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत वेगळं सांगितलं तर लेखी मागा.

ग्रामीण बँक या दोघींच्या मधली. १९७५ साली या बँका शेतकरी आणि मजुरांसाठीच सुरू झाल्या. केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा १५ आणि पुरस्कर्त्या बँकेचा ३५. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुनं पासबुक असेल तर आयएफएससी (शाखेचा कोड) आणि खाते क्रमांक तोच आहे का, हे शाखेत विचारून घ्या. विशेषतः कापूस किंवा धान विकताना जुना तपशील लिहून दिला असेल तर.

कर्ज कुठूनही घ्या, ‘नवं-जुनं’ करताना सावध राहा. मार्चअखेर सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी पैसे आणून कर्ज भरायचं आणि नवीन उचललं की ते परत करायचं, ही रीत गावोगाव आहे. पण नवीन मंजुरी लांबली की सावकाराचं व्याज महिन्याच्या हिशेबाने चढतं आणि शून्य टक्क्याचं कर्ज महागात पडतं. नवं वाटप सुरू झाल्याची खात्री करूनच जुनं भरा. घरात तूर किंवा सोयाबीन पडून असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, १८० दिवसांसाठी, ६ टक्क्यांनी. सावकारापेक्षा केव्हाही बरी.

हातात येणारे पैसे कुठे घ्यावे

आता मूळ मुद्दा. कर्ज थकलं तर त्याच बँकेतल्या तुमच्या बचत खात्यातली रक्कम कर्जात वळती करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. अनुदानाचे, पीकविम्याचे पैसे कर्जात वळवू नका असे आदेश सरकार वेळोवेळी काढतं, तरी खात्याला होल्ड लावून पैसे अडवल्याच्या तक्रारी दर दुष्काळी वर्षात ऐकू येतात. एक हंगाम बुडाला म्हणून पोराची फी आणि आईचं औषध अडायला नको. त्यासाठीच घरखर्चाचं खातं कर्जाच्या बँकेबाहेर हवं. यात कर्ज बुडवण्याचा विचार नाही. फेडायचं कधी आणि कोणत्या पैशातून, हे ठरवण्याची मोकळीक आपल्या हाती राहते, एवढंच.

हे करायचं तर ‘आधार लिंक’चा घोळ समजून घ्यावा लागतो. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं वेगळं, आणि सरकारी पैसे त्या खात्याकडे वळवलेले असणं वेगळं. सरकारकडून आधारवर येणारा पैसा एका वेळी एकाच बँकेत जातो: जिथे तुम्ही सर्वांत शेवटी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात घेण्यासाठी, संमती दिली तिथे. म्हणून बाजारात तंबू टाकून बसलेल्याकडे नवीन खातं काढलं की पीएम किसानचा हप्ता गायब झाल्यासारखा वाटतो. तो त्या नव्या खात्यात गेलेला असतो. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस दिला तरी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. सध्या कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत डीबीटीचा फॉर्म भरून द्या.

या खात्यासाठी दोन पर्याय मला पटतात. पहिला, कर्ज नसलेल्या एखाद्या बँकेचं जनधन खातं. शिल्लक ठेवायची सक्ती नाही, रुपे कार्ड मिळतं, आणि गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या माणसाकडे, अंगठा लावून पैसे निघतात. महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत आहे, म्हणून शंभर-दोनशेसाठी रोज अंगठा लावू नका. दुसरा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. २०१८ मध्ये सुरू झालेली ही बँक ग्रामीण डाक सेवकाच्या हातातल्या यंत्रावर चालते, म्हणजे पैसे दारात मिळतात. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात, जिथे शाखेला जायचं म्हणजे दिवस मोडतो, तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी याहून सोपं काही नाही. मर्यादा दोन: खात्यात २ लाखांवर रक्कम ठेवता येत नाही, आणि ही बँक स्वतः कर्ज देत नाही. कर्जच नाही, म्हणून होल्डची भीतीही नाही.

अंगठ्याच्या व्यवहारात फसवणूकही फार होते. ‘नेट नाही, पुन्हा लावा’ असं कुणी म्हणालं तर आधीच्या व्यवहाराची पावती मागा. शिल्लक तपासायच्या नावाखाली पैसे काढल्याचे प्रकार घडलेले आहेत. बँक मित्राला त्याचं कमिशन बँक देते, तुमच्या पैशातून कापून घ्यायचा त्याला अधिकार नाही. महिनोन्महिने अंगठ्याची गरज पडत नसेल तर आधारच्या मोबाइल ॲपमधून बायोमेट्रिक बंद करून ठेवता येतं.

साठवलेला पैसा

इथे पतसंस्थेचं बोलावं लागतं, कारण विदर्भाच्या बाजारपेठेच्या गावांत त्यांच्या पाट्या बँकेपेक्षा जास्त दिसतात. वागणूक चांगली, संध्याकाळपर्यंत दार उघडं, एजंट दुकानात येऊन रोजची बचत नेतो, ठेवीवर व्याजही जास्त. सोनेतारण अर्ध्या तासात होतं. हे सगळं खरं आहे. पण बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत रक्कम देतं (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही हद्द १ लाख होती). राष्ट्रीयीकृत, ग्रामीण, खासगी आणि जिल्हा बँकेला हे कवच आहे. पतसंस्थेला नाही. रोजची बचत तिथे जरूर करा, पण पोरीच्या लग्नाची किंवा जमीन विकून आलेली रक्कम दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथे ठेवू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के व्याज मिळतं, बहुतेक मोठ्या बँकांच्या बचत खात्यापेक्षा जास्त, आणि त्यामागे केंद्र सरकारची हमी आहे.

बायकांच्या कर्जाबद्दल थोडक्यात. सरकारच्या उमेद अभियानाच्या किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटातून बँकेचं कर्ज मिळत असेल तर मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्याकडे वळूच नये. तिथला दर बहुधा वर्षाला २० टक्क्यांच्या वर जातो. नियमाप्रमाणे घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिसऱ्या कंपनीचा माणूस दारात आला की आधी हा हिशेब मांडा.

मग कुणी काय करावं? पाच एकरांच्या आतला कास्तकार: कर्ज सोसायटीतून, डीबीटी पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेच्या जनधन खात्यात. बागायत, बाग किंवा दुधाचा जोडधंदा असलेला: कर्ज राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेत, पण सोसायटीचं सभासदत्व सोडू नये. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्या मजुराला पोस्ट आणि जनधन पुरे. राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेत अडवणूक झाली तर आधी शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

दोन खाती झाली की दोन गोष्टी तपासायच्या राहतात. दोन्हीकडे वारस (नॉमिनी) म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा. कित्येक जुन्या खात्यांवर तो रकाना कोराच असतो, आणि घरधनी गेल्यावर बायकोला तहसीलचे खेटे घालावे लागतात. दुसरं म्हणजे विमा. खात्यातून वर्षाला कापल्या जाणाऱ्या २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. दवाखान्याचे कागद असतील तर त्यात साप चावून झालेला मृत्यूही धरला जातो. ४३६ रुपयांच्या जीवन ज्योती विम्यातही २ लाख आहेत. पण एका माणसाला हे प्रत्येकी एकदाच मिळतं. दोन बँकांतून दोनदा हप्ता कापला गेला तरी दावा एकच मंजूर होतो, म्हणून मेअखेरच्या कपातीआधी दोन्ही पासबुकं उघडा आणि एका ठिकाणचा विमा लेखी अर्ज देऊन बंद करा.