चार प्रश्नांना तेवीस गुण: ‘सात दिवसांत ऑटिझमचं निदान’ आणि आमचे १,३७,५०० रुपये

आधी आकडे, आमच्या मुलासाठी एका ऑटिझम केंद्राला दिलेल्या पैशांचे. नावनोंदणी २,५००. ‘संपूर्ण असेसमेंट’ १८,५००. ब्रेन मॅपिंग १४,०००. थेरपीच्या ८० सेशनचं आगाऊ पॅकेज, सेशनला १,२०० प्रमाणे, ९६,०००. दिव्यांग प्रमाणपत्राचं ‘फास्ट ट्रॅक’ ६,५००. एकूण १,३७,५०० रुपये. ८० पैकी ११ सेशन झाली आणि एका सोमवारी शटरला कुलूप दिसलं. फोन बंद, व्हॉट्सॲपवरचा फोटोही गायब.

हे लोक कसे गाठतात ते बहुतेकांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात. मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही. डॉक्टर म्हणतात मुलगे उशिरा बोलतात, तीनपर्यंत थांबा. घरातली मोठी माणसंही तेच म्हणतात. मग कानाची तपासणी, मग डेव्हलपमेंटल पिडियाट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांकडे, नंबर. आम्हाला पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. सरकारी रुग्णालयात त्या विषयाची ओपीडी आठवड्यातून एकदाच. दुसरीकडे जो भेटेल तो सांगतो, लवकर सुरू करा, ही वर्षं गेली की गेली. या दोन वाक्यांच्या मध्ये पालकांचा जीव टांगलेला असतो, आणि नेमकी तिथेच जाहिरात येते: सात दिवसांत निदान, रिपोर्ट, थेरपी, प्रमाणपत्र, सगळं एकाच ठिकाणी.

आम्ही अडाणी नाही. चौकशी केली होती. केंद्र स्वच्छ होतं, भिंतीवर फ्रेममध्ये पाच सर्टिफिकेटं होती, बाहेर बसलेल्या दोन आयांनी चांगलं सांगितलं. त्या आया खऱ्या होत्या की बसवलेल्या, हे आज सांगता येत नाही. त्या पाच फ्रेमपैकी एकीवरही आरसीआयचा नंबर नव्हता, हे मात्र आज सांगता येतं. भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असल्याशिवाय कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून रिपोर्टवर सही करू शकत नाही. तो नोंदणीचा (सीआरआर) नंबर परिषदेच्या वेबसाइटवर टाकला की नाव आणि पात्रता समोर येते. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते केलं नाही.

आता ती जागा, जिथे आम्हाला कळायला हवं होतं. रिपोर्ट १४ पानांचा, रंगीत, स्पायरल बाइंडिंगचा. पान ६ वर इसाचा तक्ता. इसा म्हणजे ऑटिझम मोजण्यासाठी भारतात तयार झालेलं मोजमाप, सरकारी प्रमाणपत्रासाठी तेच लागतं. त्यात ४० मुद्दे आणि सहा भाग: सामाजिक नातं ९, भावनिक प्रतिसाद ५, बोलणं-भाषा ९, वागण्याच्या पद्धती ७, संवेदना ६, आकलन ४. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. त्यामुळे एकूण कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

आमच्या तक्त्यात ओळीने लिहिलं होतं: २६, १३, २७, १८, १५, २३. बेरीज १२२, मध्यम. बेरीज आम्ही दोघांनी करून पाहिली, बरोबर आली, आणि तिथेच समाधान मानलं. शेवटच्या भागात मुद्दे चारच आहेत. चार पंचे वीस. तिथे २३ येऊच शकत नाहीत. मुद्द्यांची संख्या त्याच पानावर कंसात छापलेली होती. तीन रात्री तो रिपोर्ट उशाशी घेऊन झोपलो आणि एक पाढा म्हणून पाहिला नाही.

त्याहून जिव्हारी लागलेली गोष्ट बोलण्या-भाषेच्या भागात होती. सर्वनामांची उलटापालट, म्हणजे स्वतःला भूक लागली की ‘तुला भूक लागली’ म्हणणं, या मुद्द्याला ४ गुण. ४ म्हणजे बहुतेक वेळा. मूल ३ वर्षं ४ महिन्यांचं आणि तोंडात एक शब्द नाही. जे मूल ‘आई’ म्हणत नाही ते सर्वनामं कुठून उलटी करणार? दुसऱ्या कुणाच्या मुलाचा तक्ता उचलून नाव बदललं होतं. हे आम्हाला सरकारी रुग्णालयातल्या बाईंनी दाखवलं. त्यांनी २३ वर बोट ठेवलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कुणी भरलंय?” त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. असेसमेंट २५ मिनिटांत उरकलं होतं, आणि त्यातली पंधरा मिनिटं मूल खांद्यावर झोपलेलं होतं.

खरी तपासणी अशी होत नाही. मुलाशी खेळून पाहतात, बोट दाखवतं का, हाक मारल्यावर वळतं का, खेळणं आणून दाखवतं का ते बघतात. पालकांना गरोदरपणापासूनचं विचारतात, झोप, खाणं, आवाजाचा त्रास सगळं. तास-दीड तास सहज जातो, बऱ्याचदा दोन-तीन भेटी लागतात. मूल झोपलं तर पुन्हा बोलावतात. झोपलेल्या मुलाचे गुण भरले जात असतील तर मूल उचला आणि बाहेर पडा.

त्याच रिपोर्टमध्ये एम-चॅटही होता. ती २० प्रश्नांची चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. ४० महिन्यांच्या मुलाला ती लावून केवळ पान भरलं होतं. आणि चाळणी म्हणजे निदान नव्हे. तिच्यात गुण जास्त आले तर पुढची तपासणी करायची, एवढाच तिचा अर्थ.

ब्रेन मॅपिंगचे १४,००० तर शुद्ध लूट. डोक्यावर तारांची टोपी, मग लाल-निळ्या रंगांचे मेंदूचे गोल छापलेला कागद. ऑटिझम आहे की नाही हे सांगणारी रक्ताची, ईईजीची किंवा एमआरआयची तपासणी नाही. निदान वागणं पाहून आणि इतिहास ऐकूनच होतं. झटके येत असतील किंवा तशी शंका असेल तर डॉक्टर ईईजी सांगतात, पण त्याचं कारण वेगळं. उलट जी तपासणी खरोखर आधी व्हायला हवी ती कानाची, बेरा. मुलाला ऐकूच येत नसेल तर तेही हाकेला वळणार नाही. आमची बेराची तारीख लागलेली होती. ‘मॅपिंगमध्ये ऐकण्याचा भागही दिसतो, बेराची गरज नाही’ असं सांगून यांनी ती रद्द करायला लावली. त्यात सात आठवडे गेले. पैशांपेक्षा हे आठवडे जास्त छळतात.

पैसे कुठे गेले तेही पाहा. पहिले २,५०० केंद्राच्या नावाने, पुढचे सगळे एका व्यक्तीच्या यूपीआयवर. पावतीवर ‘वेलनेस मार्गदर्शन’. निदान नाही, थेरपी नाही, सही करणाऱ्याचं पद नाही. हा शब्द मुद्दाम टाकलेला असतो. पुढे तक्रार केली की ‘आम्ही उपचार दिलेच नाहीत’ म्हणायला मोकळे. पावतीवर तपासणीचं नाव, करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून मागा. कां-कूं केली तर पाकीट उघडू नका. थेरपीचे पैसे सेशनला किंवा फार तर महिन्याचे द्या. पॅकेजवर २० टक्के सवलत म्हणजे तुमचे पैसे त्यांच्याकडे अडकवायची सोय.

प्रमाणपत्राचे ६,५०० देऊन काय मिळालं? यूडीआयडीच्या, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर भरलेल्या अर्जाची पोचपावती. ‘हा तुमचा कार्ड नंबर’ म्हणून दिलेला आकडा अर्जाचा नोंदणी क्रमांक होता. तो अर्ज कुणीही फुकट भरू शकतं: आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, बस्स. त्यानंतर नेमून दिलेल्या रुग्णालयात मुलाला न्यावंच लागतं आणि तिथले तज्ज्ञ स्वतः तपासतात. ‘७० टक्के नक्की मिळवून देतो’ म्हणणारा खोटं बोलतोय. ‘कायमचं कार्ड’ म्हणणाराही खोटंच बोलतोय. इतक्या लहान वयात बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढे पुन्हा तपासणी होते.

स्टेम सेलही सुचवलं होतं, ‘पुढच्या टप्प्यात, साडेतीन लाख’. तिथे आम्ही वाचलो, कारण हातात पैसेच उरले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने स्पष्ट म्हटलं आहे की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर: तुम्ही स्वतःहून पैसे दिले, ११ सेशन घेतली, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे म्हणाले, ओटीपी वगैरे काही नाही, दुकानात जाऊन दिलेत, ठाण्यात जा. वैद्यकीय परिषदेचं उत्तर: ती व्यक्ती डॉक्टर नाही, आमच्या कक्षेत नाही. पालिकेच्या आरोग्य विभागाचं उत्तर: खाटा नाहीत, म्हणजे नर्सिंग होम नाही, म्हणजे आमची नोंदणी लागत नाही. मग लागते कुणाची? आरसीआयच्या यादीत नाव नाही, आणि नसणाऱ्यावर कारवाई व्हावी म्हणून १९९२ च्या कायद्यात तरतूद आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक हजार रुपये! आमच्या एका सेशनपेक्षा कमी. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, ‘समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून ती बंद झाली. शटर बंद असलेल्या दुकानाकडून प्रतिसाद कसा येणार, हे विचारायला तिथे माणूस नव्हता. नोंदणी असलेल्याने चूक केली तर जाब विचारायला परिषद आहे, आणि नोंदणीच न करणाऱ्याला विचारणारं कुणी नाही. प्रत्येक खिडकीवर मुलाला कडेवर घेऊन उभं राहायचं, तेच कागद दाखवायचे आणि पुढच्या खिडकीचा पत्ता घेऊन निघायचं.

तरी यातून कामाचं हाती लागलं ते लिहून ठेवा. ठाण्यात तोंडी सांगून उपयोग नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक, असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना स्पीड पोस्टाने, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. व्हॉट्सॲपचे संदेश पहिल्याच दिवशी एक्स्पोर्ट करा. आमचे निम्मे त्यांनी ‘सर्वांसाठी डिलीट’ केले होते.

आणि तारखेची वाट पाहताना हातावर हात ठेवून बसायचं नसतं. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) सुरू करायला ऑटिझमचा शिक्का लागत नाही, बोलणं मागे आहे एवढं कारण पुरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्यांत डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, आहेत, तिथे शून्य ते अठरा वयाची मुलं तपासतात. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून चिठ्ठी घ्या किंवा थेट जा. दोन ठिकाणी नंबर लावा, मिळेल ती आधीची तारीख घ्या, बेरा आधी उरकून घ्या. मुलाचे मिनिट-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा: हाक मारताना, खेळताना, जेवताना, चिडल्यावर. तारीखवार ठेवा. डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि दवाखान्यात मूल गप्प बसलं तरी अडत नाही.

आमची तक्रार ग्राहक आयोगात दाखल झाली आहे. सोबत ३१ पानं जोडली आहेत. रिपोर्टच्या पान ६ वर २३ भोवती लाल पेनाने गोल केला आहे.