सीएस५०चं बदक: आयतं उत्तर न देणारा मदतनीस

हार्वर्डच्या सीएस५० या प्रोग्रॅमिंगच्या पायाभूत कोर्समध्ये २०२३च्या उन्हाळ्यात एक एआय बदक आलं. अडलेला कोड टेबलावरच्या रबरी बदकाला समजावून सांगायची प्रोग्रॅमर मंडळींची जुनी रीत आहे, त्यावरून हे रूप. आधीचं बदक नुसतं ‘क्वॅक’ करायचं. जीपीटी-४ हे एआय मॉडेल जोडल्यावर ते बोलायला लागलं. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर खातं असलं की ब्राउझरमधल्या व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये ते फुकट वापरता येतं.

गृहपाठाचं तयार उत्तर ते शक्यतो देत नाही आणि त्यातच त्याचं मोल आहे. मतमोजणीचा गृहपाठ घ्या. नवशिका उमेदवाराचं नाव आणि मतपत्रिकेवरचं नाव सरळ == लावून ताडतो. कोड बिनतक्रार कंपाइल होतो, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरतो, पण मतं अवैध ठरत जातात. कारण सी भाषेत तिथे अक्षरांची नव्हे, मेमरीतल्या पत्त्यांची तुलना होते. चॅटजीपीटीला विचारलं तर ते स्ट्रकंप (अक्षरं ताडणारं तयार फंक्शन) घालून अख्खं फंक्शन हातात ठेवतं. बदकाचा कल उलट प्रश्न विचारण्याकडे: या व्हेरिएबलमध्ये नेमकं काय साठवलंय? कोर्सच्या नियमांतही बदकाला परवानगी आहे, चॅटजीपीटी आणि कोड लिहून देणाऱ्या कोपायलटला नाही.

मात्र ‘माझा प्रोग्रॅम बरोबर आहे का?’ हे बदकाला विचारू नये. ते कोड वाचतं, चालवून बघत नाही. त्यामुळे चुकलेल्या लूपलाही शाबासकी मिळू शकते, किंवा बरोबर ओळीत खोट निघू शकते. बरोबर-चूक ठरवायला कोर्सचंच चेक५० हे साधन आहे. ते ठरलेल्या इनपुटवर प्रोग्रॅम चालवतं आणि अपेक्षित व प्रत्यक्ष आउटपुट दाखवतं. आधी ते चालवा, कुठली चाचणी लाल झाली, म्हणजे फसली, ते बघा, मग दिलेलं इनपुट, अपेक्षित आउटपुट, मिळालेलं आउटपुट आणि संशय असलेल्या पाच-सात ओळी एवढंच बदकापुढे ठेवा. ‘चालत नाहीये’ एवढंच लिहिलं तर मोघम सल्ला मिळतो आणि एक हार्ट, म्हणजे प्रश्न विचारायची एक संधी, जातं. सुरुवातीला दहा हार्ट मिळतात, प्रत्येक प्रश्नाला एक खर्च होतं आणि दर तीन मिनिटांनी एक परत येतं. हा लगाम जाचतो, पण विचार न करता प्रश्नांचा मारा करणाऱ्याला तो हवाच.

मेमरी गळतीसाठी, म्हणजे घेतलेली मेमरी परत न केल्याच्या चुकीसाठी, आधी व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन; मॅलॉक (मेमरी मागणं) कुठल्या ओळीवर झालं ते तेच सांगतं. बदकाकडे जायचं ते फ्री (मेमरी परत करणं) कुठे करावं हे उमगत नसेल तेव्हा. निवडलेल्या ओळींचा अर्थ सांगणारी सोय छान आहे, विशेषतः शिक्षकांनी दिलेला अर्धवट कोड समजून घ्यायला. कोडच्या मांडणीवर अभिप्राय देणाऱ्या डिझाइन५०चे शेरे मात्र सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्यावरच वाचावेत. नाहीतर चूक राहते बाजूला आणि पोरं व्हेरिएबलची नावं बदलत बसतात.

आपल्याकडे कॉलेजच्या अभ्यासक्रमातलं सी शिकताना हे वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. सीएस५०मध्ये इनपुटसाठी त्यांच्याच लायब्ररीतलं गेट_इंट वापरतात. बदकाच्या सल्ल्यात ते आलं तर लॅबमधल्या टर्बो सी या जुन्या कंपायलरवर कोड हेडरपाशीच, म्हणजे लायब्ररी जोडणाऱ्या वरच्या ओळीपाशीच, अडेल; तिथे इनपुटसाठी सीमधलं नेहमीचं स्कॅनफच लिहा, आणि व्हेरिएबलच्या आधीचं & विसरू नका.