डीएसएलआर की मिररलेस? गाण्याच्या बैठकीत बसून केलेला विचार

मिरजेत राहणाऱ्याला गाणं शोधत फिरावं लागत नाही. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होतात, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं असतं, दिवाळी पहाट आली की सांगली-मिरजेत एकाच सकाळी दोन-दोन ठिकाणी जावंसं वाटतं, आणि एरवी कुणाच्या तरी माडीवर पंचवीस-तीस माणसांची बैठक ठरलेली असतेच. बारा वर्षं मी अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन बसतो आहे. पहिली आठ वर्षं डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि दर फोटोला तो वर उचलणारा कॅमेरा; गेली चार मिररलेस, म्हणजे आरसाच नसलेला. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, ही निव्वळ आवड.

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन-चार मुलांनी एकच प्रश्न विचारला. "काका, जुनी बॉडी अजून नीट चालते. जमवलेल्या पैशांत तिच्यासाठी चांगली लेन्स घेऊ, की सगळं विकून मिररलेस घेऊ?" मी हे दोन्ही केलं आहे, एकामागून एक. म्हणून जे अनुभवलं तेच लिहितो. मेगापिक्सेल आणि सेकंदाला किती फोटो ही चर्चा तुमची आधीच झालेली असणार.

आधी डीएसएलआरची बाजू, कारण ती आजही भक्कम आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ साली फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) मिररलेस आणले आणि २०२० नंतर नव्या डीएसएलआरची वाट जवळजवळ बंदच झाली. याचा फायदा आपल्यासारख्या हौशी लोकांना झाला. लोक भराभर जुनं सामान विकायला लागले आणि पूर्वी ज्या लेन्सकडे नुसतं बघायचो त्या आवाक्यात आल्या. मी तेव्हा ८५ मिमी एफ १.८ घेतली, सेकंडहँड. (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त.) बॉडीबरोबर मिळालेल्या किट लेन्सवर पाच वर्षं काढल्यानंतर पहिल्याच बैठकीत त्या लेन्सने जे दाखवलं ते मी विसरणार नाही. माडीवर दोन पिवळे दिवे, एक समई, आणि तरी गायकाच्या कपाळावरचा घाम वेगळा दिसत होता. अंधारात फोटो काढणाऱ्याने पहिला पैसा लेन्सवर घालावा, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

शिवाय डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. काचेतून दिसणारा गायकाचा चेहरा हा खरा चेहरा असतो, त्याचं छोट्या पडद्यावर उमटलेलं चित्र नसतं. चार वर्षं झाली तरी ही उणीव मला जाणवते. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मंद उजेडात रवाळपणा येतो, रंग जरा वेगळेच वाटतात, आणि दोन तास डोळा लावून बसलं की डोळा थकतो. बॅटरीचंही तसंच. एका चार्जवर किती फोटो निघतील याचा प्रमाणित आकडा निकॉनच्या डी ७५० चा १२३० आहे आणि झेड ६ चा ३१०. प्रत्यक्षात दोन्हीत याहून बरेच जास्त निघतात, पण फरक उरतोच. रात्रभराच्या सभेला पूर्वी मी एक बॅटरी नेत असे, आता तीन नेतो.

इतकं सगळं पारड्यात असताना मी बदललो तो एका आवाजामुळे.

पहाटेची बैठक होती. बाईंनी तोडी सुरू केली होती, तबला अजून लागायचा होता, दोन तानपुरे आणि आवाज एवढंच. मी पाच-सहा फुटांवर भिंतीला टेकून बसलो होतो. नवी लेन्स, समईचा उजेड, मी खुशीत होतो. कुणी काही बोललं नाही. बैठक संपली, चहा झाला, सगळे आपापल्या घरी गेले. आठवड्याने यजमानांनी त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पाठवलं. रात्री कानाला इअरफोन लावून ऐकायला बसलो. षड्ज लागला, तानपुऱ्याची जवारी छान बोलत होती, बाई हळूहळू कोमल गंधारावर आल्या, आंदोलन घेतलं, आणि त्याच्या बरोबर मध्यावर: खटाक्. थोड्या वेळाने पुन्हा. मग लागोपाठ तीन. मी मोजायला लागलो. पहिल्या वीस मिनिटांत एक्केचाळीस. तो गंधार पुन्हा तसा लागणार नाही, आणि त्याच्यावर माझा आरसा आपटल्याचा आवाज कायमचा बसला आहे. यजमानांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर मी उपाय करत गेलो. बॉडीतला शांत मोड लावला. त्यात आरसा जरा सावकाश खाली येतो, म्हणजे एका मोठ्या आवाजाचे दोन लहान आवाज होतात. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायची सोय, वापरून पाहिला. आरसा आधीच वर गेलेला असतो, पण शटरचा आवाज राहतोच, आणि माझ्या बॉडीत समईच्या उजेडात फोकस मागे-पुढे घुटमळत बसायचा. (तुमची बॉडी नंतरची असेल तर हे आधी करून पाहा. कॅननच्या ७० डी पासून, म्हणजे २०१३ पासून, लाइव्ह व्ह्यूमधला फोकस बराच सुधारला. निकॉनच्या २०१७ सालच्या डी ८५० मध्ये तर लाइव्ह व्ह्यूत पूर्ण नि:शब्द फोटो काढता येतो.) चित्रपटाच्या सेटवर स्थिरचित्रण करणारे लोक कॅमेरा ब्लिंप नावाच्या आवाजरोधक पेटीत घालत. मी तेवढं काही करू शकलो नाही, शाल गुंडाळून पाहिली. आवाज थोडा दबला, पण बटणं सापडेनात.

मग मी समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, फोटो काढायला शिकलो. विलंबित एकतालात सम येते, तबल्याचा धिं पडतो, "क्या बात है" उठते, त्या दोन सेकंदांत शटर दाबायचं. सवयीने हे इतकं जमलं की आलापात बोट आपोआप बटणावरून दूर जायचं. दोन वर्षं असं केलं. कुणाला त्रास नाही, मुद्रणात आवाज नाही. मला वाटलं प्रश्न सुटला.

एका दिवाळीत त्या दोन वर्षांचे फोटो एकत्र लावले, तेव्हा कळलं काय गमावलं ते. सगळे फोटो समेचे. प्रत्येक गायकाचा हात खाली आलेला, डोळे उघडलेले, चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. वेगवेगळ्या घराण्यांची, वयांची माणसं आणि सगळ्यांचा एकच क्षण. गाण्यातला जो भाग मला सर्वात आवडतो, जिथे माणूस स्वर शोधत आत गेलेला असतो, डोळे मिटलेले असतात, बोटं हवेत काहीतरी चाचपत असतात, तो एकाही फोटोत नव्हता. पुढची कितीही चांगली लेन्स घेतली असती तरी ती मला समच दाखवणार होती.

लेन्ससाठी साठवलेले पैसे मी तेव्हा मिररलेसकडे वळवले. बॉडी सेकंडहँडच घेतली, एक पिढी जुनी. पहिल्या बैठकीत सायलेंट मोड (यांत्रिक शटरऐवजी इलेक्ट्रॉनिक शटर) लावला आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मध्यंतरात विचारलं, "आज फोटो काढणार नाही का?" तोवर माझे साठ फोटो झाले होते. त्यातला एक अजून माझ्या भिंतीवर आहे. गायक अजून एक स्वरही गायलेला नाही. मान तानपुऱ्याकडे किंचित झुकलेली आहे, श्वास घेतलेला आहे, ओठ मिटलेले आहेत. मोठा आवाज करणाऱ्या कॅमेऱ्याने हा फोटो काढण्याची माझी हिंमतच झाली नसती.

पण ही शांतता फुकट मिळत नाही, आणि जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीने वाचला जातो, आणि साध्या सेन्सरला त्यासाठी वेळ लागतो. त्या वेळात जे हलतं ते वाकतं. द्रुत लयीत तबलजीची बोटं केळीच्या फण्यासारखी तिरकी आलेली मी पाहिली आहेत. त्याहून विलक्षण म्हणजे तानपुरा. दिवसाच्या भरपूर उजेडात, सेकंदाच्या हजाराव्या भागाला, उभ्या धरलेल्या तानपुऱ्याचा जवळून फोटो काढला तर छेडलेली तार सरळ दिसत नाही, सापासारखी लाटालाटांची दिसते. तार कंप पावत असते आणि कॅमेरा तिचा एकेक तुकडा वेगळ्या क्षणी टिपत असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लेन्स बिघडली असंच वाटलं.

दुसरा त्रास एलईडी दिव्यांचा, आणि मंडपात तो हमखास होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण सायलेंट मोडमध्ये फोटोवर आडवे पट्टे उमटतात. उपाय सोपा आहे: शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवायचं. आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, लेन्स पूर्ण उघडी, शटर १/१००, बैठकीसाठी माझं हे ठरून गेलं आहे. रंगमंचावरच्या काही दिव्यांचं लुकलुकणं याहून बरंच जलद असतं, तिथे हा उपाय चालत नाही. अशा वेळी मी मुकाट्याने यांत्रिक शटरवर येतो. आरसा नसल्यामुळे तोही आवाज पूर्वीपेक्षा हलका असतो, आणि तो मी द्रुत लयीपुरता ठेवतो.

सेन्सर झपाट्याने वाचणारे कॅमेरेही आहेत. सोनीचा ए ९ २०१७ साली आला, आणि निकॉनच्या २०२१ सालच्या झेड ९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. त्यांत हा वाकडेपणा जवळजवळ राहत नाही. पण त्या किमतीत मी गाणं ऐकायला देशभर फिरून येईन, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणखी एक, खास मिरजकरांसाठी. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तंतुवाद्य कारागिरांच्या दुकानांत फोटो काढायला बरीच मुलं जाऊ लागली आहेत. मीही जातो. तिथे भोपळ्यावर आणि लाकडावर कानस चालते, बारीक भुसा हवेत तरंगत असतो. अशा जागी लेन्स बदलताना मिररलेसचा सेन्सर बहुतेक बॉडीत उघडाच पडतो, डीएसएलआरचा आरसा आणि शटर यांच्या आड राहतो. आवाजाचं तर तिथे कुणाला काहीच नसतं, हातोडी आणि कानशीपुढे शटर कोण ऐकतो? म्हणून माझी जुनी बॉडी मी विकली नाही. ८५ मिमी लेन्स तिच्यावर लावून ती कारखान्यासाठीच ठेवली आहे, आणि बैठकीच्या दिवशी तीच लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर जाते. (अडॅप्टरचा विचार करणार असाल तर लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटार आहे ना, हे आधी पाहा. बॉडीच्या मोटारीवर चालणाऱ्या जुन्या लेन्सना बऱ्याच अडॅप्टरांवर हातानेच फोकस करावा लागतो.)

तेव्हा मुलांना मी असं सांगतो. वारीत, जत्रेत, कारखान्यात, पोरांच्या क्रिकेटमध्ये रमणार असाल तर जुनी बॉडी ठेवा, पैसे लेन्सवर घाला. मिररलेस नाही म्हणून तुमचं फारसं काही अडणार नाही. पण तुमची जागा गाण्याच्या बैठकीत, कीर्तनात, प्रायोगिक नाटकाच्या पहिल्या रांगेत किंवा झोपलेल्या बाळाच्या पाळण्याशेजारी असेल, तर मला वाटतं फार विचार करू नका. लेन्स वर्षभराने आली तरी चालेल. एफ ३.५ च्या किट लेन्सने काढलेला, दाणेदार, पण आलापातला फोटो मला समेवरच्या स्वच्छ फोटोपेक्षा प्रिय आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

घेतल्या घेतल्या तीन गोष्टी बंद करा: फोकसची बीप, फोकससाठी पेटणारा तो नारिंगी दिवा, आणि मागचा पडदा. आवाज गेला म्हणून उजेड चालतो असं नाही. अंधाऱ्या सभागृहात मागच्या पडद्याचा उजेड चार रांगांना दिसतो. आणि शटर ऐकू येत नाही म्हणून बोट सैल सुटतं, हेही लक्षात असू द्या. पहिल्या महिन्यात मी एका बैठकीचे नऊशे फोटो घरी आणले आणि निवडता निवडता गाणं काय झालं ते आठवेना. आता एका रागाला तीस, त्यापुढे कॅमेरा मांडीवर.

सेकंडहँड बॉडी बघायला जाल तेव्हा दुकानातल्या एलईडीखालीच एक चाचणी करा. सायलेंट मोड लावा. बरोबरच्या मित्राला काउंटरवर जोरात त्रिताल वाजवायला सांगा, आणि एक फोटो १/५०० वर, एक १/१०० वर काढा. पहिल्यात पट्टे किती आणि बोटं किती वाकडी, दुसऱ्यात पट्टे गेले का, हे तिथेच मोठं करून पाहा. मग डोळे मिटून एकदा बटण दाबा आणि खरंच काहीच ऐकू येत नाही ना, याची खात्री करून घ्या.